उजव्या कानाच्या शीटा

बेइज्जती झाली ती बारा शीटांवरून, आणि झाली चाळीस माणसांसमोर. आसराबाईनं हे दोन्ही आकडे पदराला गाठ मारून ठेवले.

जूनचा पहिला आठवडा होता. जालना एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. बियाण्याच्या प्लांटात सोयाबीन असो की सरकी, ती पत्र्याच्या पन्हाळीतून घसरत येते. पत्र्यावर आपटून दाणा फुटू नये म्हणून पन्हाळीला आतून मऊ शीटेचं अस्तर लावतात, आणि ही कंपनी त्या शीटा बनवायची. शीटेची करामत अशी, की वापरून वापरून तिच्यावर चिरा पडल्या तरी ती फेकायची नाही. कंपनीत परत आणायची, गरम प्रेसमध्ये दाबून ठेवायची, की चिरा आपोआप बुजायच्या. अंगावरची जखम भरते तशा. मग तीच शीट पुन्हा प्लांटात.

त्या दिवशी मात्र एका प्लांटानं बारा शीटा टेम्पोत घालून परत धाडल्या. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारख्या त्या कडक झाल्या होत्या, तडकल्या होत्या, आणि त्यांचे तपकिरी टवके बियाण्याच्या पोत्यात निघाले होते. मालक काकासाहेबांनी एक शीट उचलून गुडघ्यावर वाकवली. ती कडकन मोडली.

"कोन्ही जाळल्या ह्या?" त्यांनी विचारलं.

सुपरवायझर रामप्रसादनं पटकन हात वर केला. आसराबाईकडे.

"तिच्या प्रेसवरच्या हायेत साहेब. मी किती दिवसापास्नं सांगून राह्यलो, पण ऐकते कोण? मेंढरामागं फिरलेली बाई ती. तिला डायल काय कळते? कोकरू भाजल्यावानी भाजल्या!"

लोक हसले. सगळेच हसले नाहीत, पण ज्यांच्या डब्यातलं लोणचं आसराबाईनं अकरा वर्षं खाल्लं होतं, असे चार-सहा जण हसले. तीच चार-सहा तोंडं तिच्या डोळ्यात रुतून बसली. नंतर इंग्रजीत टाईप केलेला एक कागद आला. तिला आपल्या नावाची पाच अक्षरं लिहिता येत होती, ती तिनं लिहिली. प्रेस चालू ठेवून आपण निघून गेलो आणि माल जळाला, असं त्यात होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर तिच्या हातात खराटा आला होता. प्रेसवरून थेट अंगणात.

प्रेसचा ताव वाढवायची डायल कोणी फिरवली होती, ते आसराबाईला पक्कं ठाऊक होतं.

रामप्रसादनं बावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेली. भट्टीतून लालबुंद निघालेली लोखंडाची बिलेट नुसती नजरेनं तोलून तो सांगायचा, अजून ताव पाहिजे की बास. त्या कामात तो खरोखर उस्ताद होता. हे आसराबाईसुद्धा नाकारायची नाही. पण त्या बावीस वर्षांनी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती: माल ऐकत नसेल तर ताव वाढवा. लोखंड असो, नाहीतर शीट.

शीट लोखंडासारखी नसते, हे प्रांजली मॅडमनी पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ह्या शीटेचं काम मांडून द्यायला त्या पुण्याहून आल्या होत्या. प्रेसवरच्या बायांना त्यांनी गोल बसवलं आणि आपले दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून दाखवले.

"शीटेच्या आत असे दोन जातींचे हात असतात. एकाचं नाव फ्युरान, दुसऱ्याचं मॅलेमाइड. थंड असताना ते एकमेकांना धरून बसतात, म्हणून शीट मजबूत. एकशे वीस डिग्रीपर्यंत तापवलं की हात सुटतात. शीट मऊ पडते, चिरेच्या दोन्ही काठांचे मोकळे हात एकमेकांत सरकतात. मग कोमट कपाटात सहा तास निवांत ठेवायचं. पुन्हा हातात हात. चीर गेली."

"आन् जास्ती तापवलं तं?" आसराबाईनं विचारलं होतं.

"मग बिघडतं. मॅलेमाइडला धीर नसतो. खूप तापला की तो फ्युरानची वाट बघत नाही, शेजारच्या मॅलेमाइडलाच मिठी मारतो. आणि ती मिठी मग कितीही तापवा, सुटत नाही. आम्ही आवर घालायला एक पूड टाकतो, पण फार गरम केलं तर तिचंही काही चालत नाही."

"म्हंजे हे बी आपल्या आपल्या जातीतच सोयरीक करून राह्यले का, मॅडम?" दैवशाला म्हणाली. दैवशाला बाजूच्या प्रेसवरची, तरणी, बौद्धवाड्यातली, जिभेला धार असलेली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

आसराबाईनं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. एकशे वीस, अर्धा तास, मग कपाटात सहा तास. पाच वर्षं तिनं हे व्रतासारखं पाळलं.

मे महिन्यात बियाण्याच्या प्लांटांची घाई सुरू झाली. शीटा जल्दी पाहिजेत, आजच्या आज पाहिजेत. रामप्रसादनं डायल एकशे ऐंशीवर नेली, दहा मिनिटं दाबलं आणि कपाटाला फाटा देऊन शीट बाहेर काढली. चिरा बुजलेल्या! काकासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. खरी मेख तिथंच होती. पहिल्या फेरीला ती शीट बराबर बरी झालेली दिसायची. तिचा मधाळ रंग चहासारखा झालाय, प्रेसमधून कडवट वास येतोय, हे आसराबाईनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, "तू शीट उचल अन् शीट ठिव. डायल मव्हं काम हाये."

आता तिची एक सवय सांगायला हवी. ती कुणालाच माहीत नव्हती.

आसराबाईचं माहेर वडीगोद्रीकडचं. बापाची सव्वाशे मेंढरं. धनगराच्या मेंढराला नाव नसतं, खूण असते. कोकरू असतानाच कानाला चिरा देतात. बापाच्या कळपाची खूण डाव्या कानावर, चुलत्याच्या कळपाची उजव्या. पाण्यावर दोन कळप मिसळले की बारकी आसरा कान बघून बघून ते वेगळे करायची. प्रेसवर आली तरी हाताची खोड गेली नाही. शीट दाबायच्या आधी ती ब्लेडनं डाव्या कोपऱ्याला बोटाच्या पेराएवढी चीर द्यायची. शीट निघाली की आधी तो कोपरा बघायची. कान मिटलेला असला, केसाएवढी रेघ तेवढी उरली असली, की शीट बरी झाली. तिच्या मते डायलपेक्षा कान खरा.

आणि रामप्रसादनं डायलला हात लावला त्या दिवसापासून त्याच्या शीटांना तिनं उजव्या कोपऱ्यावर चीर द्यायला सुरुवात केली. ही आपली नाही, परक्या कळपातली. दर फेरीला एक चीर.

अंगण झाडताना, शेडच्या मागं टाकून दिलेल्या त्या बारा शीटा तिनं एकेक करून उलटल्या. बाराही उजव्या कानाच्या. पहिल्या फेरीची चीर मिटल्यासारखी. दुसरीची अर्धी मिटलेली. तिसरीची आ वासून उघडी. रामप्रसादच्या डायलनं शीटेचं भरून येणं कसं कसं मारत नेलं, ते कोपऱ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

त्याच दिवशी ती काकासाहेबांकडे जाऊ शकली असती. प्रांजली मॅडमचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये होता. पण ती गेली नाही, फोनही केला नाही. आत्ता सांगितलं तर काय होईल? केबिनचं दार लावून बोलणं होईल, रामप्रसाद कान खाजवील, काकासाहेब म्हणतील बघू. चाळीस माणसांसमोर गेलेलं नाव बंद केबिनमध्ये कसं परत मिळणार? तिला चाळीस माणसं पाहिजे होती. ती चार-सहा तोंडं तर पाहिजेच होती.

आणि रामप्रसाद हात आवरणारा नव्हता. तो तापवत राहणार, शीटा मरत राहणार, आणि एक दिवस सगळं फुटणार. तिला फक्त थांबायचं होतं.

"दोन मह्यने झाले, एकच दळण दळून राह्यली," नवरा त्रिंबक म्हणायचा. तो एका सीड प्लांटात पोती उचलायचा. स्वभावानं गरीब माणूस. "सोड आता. खराट्यालाबी पगार हायेच ना."

"तुमाला हसले असते तं सोडलं असतं का?"

"मला तं रोजच हसतेत."

"तेच तं," आसराबाई म्हणायची आणि भाकरी अशी थापायची की परात वाजायची.

तिच्या प्रेसवर आता दैवशाला होती. श्रावणातल्या एका दुपारी नळावर डबे धुताना दैवशालानं विषय काढला.

"आक्का, मलाबी एकशे ऐंशीवरच काढायला लावतो त्यो. वास बघ कसा सुटतो. उद्या हे फुटलं की मव्हं नाव येईन."

आसराबाईनं कमरेची ब्लेड काढून तिच्या हातावर ठेवली आणि कानांची सगळी गोष्ट सांगितली. "त्याच्या शीटांचा उजवा कान. त्यो सुट्टीवर असला की तू एकशे वीसवर काढशीन, त्यांचा डावा. दर फेरीला एक चीर. चुकू नको."

दैवशाला ब्लेडकडे बघत राहिली. "आन् मॅडमला फोन? नंबर हाये ना तुह्याकडं? आत्ता केला तं अजून लई माल वाचंल."

"पिकू दे."

"काय पिकू दे?"

"जे कच्चं हाये ते."

"आक्का, तू लई खुनशी हायेस गं."

"हाये," आसराबाई म्हणाली.

पिकायला ऑक्टोबर लागला. तीन प्लांटांनी एका आठवड्यात चांगल्या-वाईट सगळ्याच शीटा परत पाठवल्या, आणि काकासाहेबांनी कपाळाला हात लावून पुण्याला फोन केला. दिवाळीच्या तोंडावर प्रांजली मॅडम आल्या. शेडच्या मधोमध एकशे चाळीस शीटांचा ढीग. पाळी बदलायची वेळ, म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं हजर. चाळीसपेक्षा जास्तच.

"प्रेसवर कोण होतं?" काकासाहेबांनी विचारलं.

रामप्रसादचा हात पुन्हा वर गेला. ह्या वेळी दैवशालाकडे. "साहेब, काय सांगावं आता. ह्या बायांना कितीबी शिकवा..."

आसराबाईनं खराटा भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि ढिगापाशी येऊन बसली. एक शीट उचलली, कोपरा बघितला, डावीकडे टाकली. दुसरी उजवीकडे. तिसरी उजवीकडे. हात असा चालत होता, जसा कधीकाळी पाण्यावर चालायचा. कुणाला काही कळेना.

"आसराबाई, काय करून राह्यली तू?" काकासाहेब.

"कळप येगळे करून राह्यले, साहेब."

अर्ध्या तासात दोन ढीग झाले. डावा ढीग त्रेचाळीसचा, मधाच्या रंगाचा. उजवा सत्त्याण्णवचा, करपट. मग तिनं दोन्हीकडचा एकेक कोपरा मॅडमच्या हातात दिला आणि आपल्या चिरांचं सांगितलं. मॅडमनी भिंग काढलं. डावीकडच्या चार चिरा, चारही मिटलेल्या. उजवीकडच्या चार, त्यातल्या शेवटच्या दोन उघड्या. मॅडमनी दोन्ही कोपरे शेजारी धरून पुन्हा बघितले.

"ह्या चिरा ह्या बायांनीच मारल्यात!" रामप्रसाद ओरडला. "साहेब, बघा! मालाची नासधूस! चोरीच झाली ही एक प्रकारची!"

"मारल्या," आसराबाई म्हणाली. "डाव्याबी आमीच मारल्या, उजव्याबी आमीच. डाव्या मिटल्या. तुमच्या का न्हाई मिटल्या?"

रामप्रसाद काकासाहेबांकडे बघायला लागला.

मॅडमनी गाडीतून काचेची दोन भांडी आणि तापवायची शेगडी आणली. दोन्ही भांड्यांत उग्र वासाचा तोच एक द्रव ओतला, एकात डाव्या ढिगातला तुकडा टाकला, दुसऱ्यात उजव्या. "आतले हात सुटणारे असतील तर तुकडा विरघळेल," त्या म्हणाल्या. "न सुटणारी मिठी असेल तर नाही विरघळणार." पाळी सुटली, पण घरी जायला कुणी हललं नाही. डावा तुकडा पाण्यात गूळ विरावा तसा विरत गेला, काही उरलं नाही. उजवा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा नुसता फुगला आणि तळाशी बसून राहिला. मॅडमनी आच वाढवली. तो तसाच.

"हे एकशे ऐंशीच्या आसपास तापलंय, आणि पुन्हा पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "आता ह्या शीटेचं काही होऊ शकत नाही."

"पण डायल कोन्ही फिरवली, हे कशावरून?" रामप्रसादनं शेवटचा हात मारला.

आता दैवशालाची जीभ सुटली. "साहेब, मे महिन्यात दहा मिनटात शीट काढली म्हून तुमी कोणाच्या पाठीवर थाप मारल्ती? आमच्या तं न्हाई. मॅडमला इचारा, एकशे वीसवर दहा मिनटात चीर मिटती का."

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या.

काकासाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. ती थाप सगळ्यांना आठवली होती, त्यांना स्वतःलाही.

पुढचं त्यांना केबिनमध्ये उरकायचं होतं. पंखा लावला, चहा मागवला, खुर्ची दिली. अकरा वर्षांत आसराबाईला त्या केबिनमध्ये पहिल्यांदा खुर्ची मिळाली. "झालं गेलं," काकासाहेब म्हणाले. "उद्यापासून तुझी प्रेस तुला. तो कागद मी फाडतो. रामप्रसाद, माफी मागा बरं."

"चुकलं माझं," रामप्रसाद चहाच्या कपाला म्हणाला.

आसराबाई खुर्चीवरून उठली. "हितं न्हाई."

"मग?"

"जितं म्हन्ले होते, तितं."

काकासाहेब चिडले, मग हसले, मग पुन्हा चिडले. पण मॅडम केबिनमध्येच बसून होत्या आणि तीन प्लांटांची माणसं उत्तराची वाट बघत होती. शेवटी सगळे पुन्हा शेडमध्ये आले. रामप्रसाद दोन ढिगांच्या मधे उभा राहिला. भट्टीच्या तोंडाशी बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस, पण असा घाम तिथंही त्याला कधी फुटला नसेल.

"जूनमधी आसराबाईवर जो आळ घेतला..."

"मोठ्यानं," आसराबाई म्हणाली.

"जो आळ घेतला त्यो खोटा होता. डायल मी फिरवल्ती."

"आन् मेंढरं?"

"काय?"

"मेंढरामागं फिरलेल्या बाईला काय कळतं, म्हन्ले होते तुमी."

रामप्रसादनं मान खाली घातली. "कळतं."

आसराबाईनं ती चार-सहा तोंडं एकेक करून शोधली. एकही वर बघत नव्हतं. गोड लागलं. खोटं कशाला बोला. उसाच्या फडात शिरल्यासारखं गोड लागलं.

मॅडम निघताना गाडीपाशी थांबल्या. "आसराबाई, तुम्हाला हे जूनमध्येच कळलं होतं. मला फोन का नाही केलात?"

"केला असता तं त्यो एकट्या तुमच्यासमोर शरमला असता."

मॅडमनी शेडकडे बघितलं. "त्या वेळी बाराच शीटा गेल्या होत्या. आता सत्त्याण्णव गेल्या." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणूनच आसराबाईला तो जास्त लागला.

मॅडम काय म्हणाल्या होत्या, ते आठवड्याभरात उमगलं. मेलेल्या शीटांच्या जागी नवा कच्चा माल यायला दोन महिने होते. दुरुस्तीला शीटाच नाहीत, तर दोन प्रेस कशाला? एक बंद झाली. एकीवर आसराबाई. तिच्या हाताखाली शीटा उचलून द्यायला सुपरवायझरकी गेलेला रामप्रसाद. कायम नोकरीतला, म्हणून त्याला घरी बसवता येईना. दैवशाला कंत्राटातली. तिला सांगितलं, बोलवू तेव्हा ये.

पहिले चार दिवस आसराबाईनं रामप्रसादला सुखानं राबवला. "एकशे बावीस झालं, कमी करा. अजून. आता हात काढा." तो काढायचा. कपाटात सहा तास शीट ठेवायची तर सहा तासांत तीनदा ती त्याला तपासायला धाडायची. पण बाजूची प्रेस थंड पडलेली, आणि तिच्यावरून टोमणे मारणारं कुणी नाही.

पाचव्या दिवशी, पाळी सुटल्यावर, ती टेम्पोतून दैवशालाच्या चंदनझिऱ्याला उतरली. दैवशाला दारातच गहू निवडत बसली होती. तिनं उठून पाण्याचा तांब्या दिला. चहाचं विचारलं नाही.

आसराबाई पाणी प्याली. तिनं तांब्या खाली ठेवला.

"तुव्हं झालं आक्का," दैवशाला सुपाकडे बघत म्हणाली. "चाळीस मानसात झालं. लई भारी झालं, मीबी टाळ्या वाजवल्या. मव्हं काय?"

"मी म्हन्ले होते का, तुला काढा म्हून?"

"न्हाई. मी म्हन्ले होते, फोन कर म्हून."

आसराबाईनं सूप स्वतःकडे ओढलं आणि खडे वेचायला लागली.

"उद्यापास्नं दुपारच्या सुट्टीपोतर मी," शेवटी ती म्हणाली. "सुट्टीनंतर तू. सकाळी मी साहेबाला सांगून ठिवते. नवा माल येस्तवर असंच."

दैवशालानं मान वर केली. "साहेब ऐकंल?"

"मी येकली गेले तं न्हाई ऐकायचा. तूबी चल. आन् त्याला म्हनायचं, न्हाई ऐकलं तं मॅडमला फोन करते." तिनं एक खडा अंगणात भिरकावला. "ह्या खेपेला करते."

"अर्ध्या रोजावर भागंल तुव्हं? त्रिंबकदाजी काय म्हनतील?"

"त्यायला म्या इचारलंच न्हाई."

"आन् त्यो रामप्रसाद? त्याला सकाळभरच राबवाया मिळंल तुला."

आसराबाईनं सुपातले गहू एकदा वर उडवून झेलले.

"त्याचं त्वांड बघायला मला अर्धी पाळी बास हाये," ती म्हणाली. "उरलेल्या अर्ध्या पाळीत तू बघ. आन् कान बघत जाय, डायलवर इश्वास ठिवू नको."

दैवशाला उठली आणि चुलीकडे गेली. आतून पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग तिचीच हाक, "साखर कमी घालू का बराबर?"

"बराबर," आसराबाई म्हणाली.